नेसून मऊ केलेलं

लंगोटाची गाठ सोडली आणि मंदाचा हात तिथेच थांबला. कालपर्यंत जांघेत नुसती लाली होती. आज कातडी सोलवटली होती आणि कडेकडेने पाणी धरलेले बारीक फोड दिसत होते. पोर मोठ्याने रडतही नव्हती. रडून दमलेली माणसं कण्हतात तशी कण्हत होती. महिना-सव्वा महिन्याच्या जिवाला कण्हता येतं, हे मंदाने आजवर वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

"पावडर लाव," सासू धोंडूबाई चुलीपाशी बसूनच म्हणाली. "जास्ती लाव. ती काल लावलीस ती कुठं दिसतच न्हाय."

"सकाळी लावली, आत्याबाई. तिचे गोळे झालेत आतमध्ये."

"मंग आणिक लाव."

मंदा सासूला आत्याबाईच म्हणायची. लग्नानंतर चाळीतल्या बायकांनी सांगून पाहिलं होतं, आई म्हण, बरं दिसतं. पण आई तेव्हा माहेरी, दिघाशीला होती, चांगली हातीपायी धड होती, आणि एका वेळी दोघींना आई म्हणायला मंदाची जीभ वळेना. आता दिघाशीला आई नव्हती. ज्येष्ठात कावीळ झाली, डोळे पिवळे झाले, आणि लेकीचं पहिलं बाळंतपण करायला घर सारवून ठेवणारी शेवंता, लेकीचे दिवस भरायच्या आत गेली. पहिलटकरीण माहेरी जाते. मंदा गेली नाही. भिवंडीच्या चाळीतल्या या एका खोलीत धोंडूबाईने तिचं बाळंतपण काढलं. शेक दिला, शेगडी दिली, खायला-प्यायला केलं, आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. मंदाला ते कळत होतं. म्हणून ती सासूपुढे आवाज चढवत नसे.

चाळीच्या मागेच लूमचा कारखाना होता. खटाखट, खटाखट, भिंतीतून आवाज यायचा आणि पोर त्याच आवाजात झोपायची. यादव, मंदाचा नवरा, त्याच कारखान्यात होता. पोर जन्मली त्या आठवड्यात तो शिफ्ट संपवून आला तो काखेत कोऱ्या कापडाची गुंडाळी घेऊन. लूमवरून कापडाचं थान उतरवताना टोकाला तुकडे उरतात, ते शेठ कामगारांना नेऊ देत असे.

"माझ्या लूमवरचं हाय," तो म्हणाला होता. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त बोलला. "तो बाजूच्या लूमवरचा मला बोलला, 'यादवभाई, बेटी के लिए थान बुन रहे हो क्या?' मी बोललो, हां, बुन रहा हूँ. तेरे बाप का क्या जाता है?"

धोंडूबाई हसली होती. तिने ते तुकडे सोडा घातलेल्या पाण्यात उकळले, वाळवले आणि चौकोनी फाडून ठेवले. दुसरं कापड घरात नव्हतंच म्हणा. धोंडूबाईची जुनी लुगडी बाळंतपणातच संपली होती आणि मंदाकडे होती ती शाळेत नेसायची नायलॉनची पातळं. ती नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होती. खडू झटकला की उडून जावा अशी पातळं तिने हौसेने घेतली होती. पोरीला ती काय कामाची!

मग पाऊस लागून राहिला. लंगोट वाळेनात. धोंडूबाई शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर ते पसरायची, तरी ते ओलसरच राहायचे आणि धुराने पिवळे पडायचे. म्हणून यादव नवे तुकडे आणत राहिला. रोज नवं, कोरं, कडक कापड; उकळलं तर वाळायचं कुठं, म्हणून तसंच बांधलं जाई.

"अकलोलीला नेऊ," धोंडूबाई आता म्हणाली. "कुंडाच्या पाण्यात एकदा बुडवून काढली का कातडीचं सगळं जातं. माझ्या भावाचं नायटं गेलं तिथं."

"तुमचा भाऊ केवढा होता?"

"केवढा म्हंजे? बाप्या होता चांगला."

"आणि पाणी कढत असतं ना? हिची कातडी आधीच गेलीय, आत्याबाई. मी डॉक्टरीणबाईंकडे नेते."

"ने बाई. तुमचं पुस्तकातलं बरं असंल."

त्यात टोमणा होता आणि काळजीही होती. मंदाने पोरीला पदराखाली घेतलं आणि छत्री उघडली.

डॉक्टरीणबाईंनी पोरीचे पाय हलक्या हाताने वर उचलून नीट पाहिलं. पावडर पाहून त्यांनी कपाळाला आठी घातली. "ही बोरिकची? बंद करा. ओली कातडी, त्यात ही. शिवाय ती अंगात शोषली जाते, लहान मुलांना वाईट." मग त्यांनी सांगितलं ते मंदाने शाळेतल्या पाठासारखं ध्यानात ठेवलं. भिजली की लगेच बदला. कोमट पाण्याने धुवा, साबण नको. पुसू नका, मऊ कापडाने टिपा. दिवसातून जितका वेळ जमेल तितका उघडं ठेवा. मग हे जस्ताचं मलम जाड लावा. लंगोट आवळून बांधू नका, आणि सोड्यात धुतलेत तर दोन-तीन पाण्यांतून पिळून काढा. ताप आला किंवा पू धरला तर तशाच उठून या.

"लंगोट कशाचे आहेत?"

"सुतीच. घरचे."

मंदाने दिलेलं उत्तर खोटं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनीही पुढे विचारलं नाही.

सांगितलेलं सगळं केलं. पोर उघडी ठेवली की उतार पडायचा, कडा सुकायच्या. लंगोट बांधला की संध्याकाळपर्यंत पुन्हा जसंच्या तसं. दूध प्यायचीही कमी झाली. भिंतीवरच्या तथागतांच्या तसबिरीखाली बसून धोंडूबाई तिच्या तळपायांना खोबरेल चोळायची आणि काही बोलायची नाही. तिचं ते गप्प राहणं मंदाला जास्त भिववायचं.

एका दुपारी लाईट गेली. सगळे लूम एकदम थांबले आणि त्या शांततेत पोर दचकून जागी झाली. तिचं रडणं गल्लीभर ऐकू गेलं. मंदाने पोरीला धुवायला घेतलेल्या वाटीतून पाण्याचे चार थेंब नव्या लंगोटावर सांडले. ती पुसायला गेली आणि पाहतच राहिली. थेंब मुरले नव्हते. अळवाच्या पानावर राहतात तसे कापडावर गोल उभे होते. तिने कापड कलतं केलं. थेंब ओघळून तिच्या मांडीवर आले.

लाईट नाही म्हणून यादव घरी आला होता. मंदाने त्याच्यापुढे कापड धरलं.

"हे पाणी पीत नाही."

"कोरं हाय ना. खळ असते त्यात." तो सहज बोलला. "साइझिंगवाले सुताला देतात. नायतर धागा लूमवर टिकायचा न्हाय, तुटून जायचा. खळीला बुरशी लागू नये म्हणून त्यात औषध पण…" आणि तो थांबला. त्याने तिच्या हातातून कापड घेतलं, बोटांत चोळलं, पुन्हा चोळलं. दिवसभर ज्या कापडात हात असायचे ते कापड तो प्रथमच पाहत असावा, तसा. मग पोरीकडे पाहिलं.

"मीच केलं व्हय हे?"

"तुम्हाला काय माहीत," मंदा म्हणाली.

"मला न्हाय तर कुणाला माहीत असनार? मी रोज तीच खळ खातो, नाकातोंडातून." तो उठून दारात जाऊन बसला, पाऊस पाहत.

"मंग बांधायचं काय आता?" धोंडूबाईने विचारलं.

मंदाची नजर खाटेखाली गेली. तिथे एक गाठोडं होतं. बाबांनी, पंढरीनाथांनी, आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी ते तिच्या हातात दिलं होतं. आईची बाकीची लुगडी वाटून टाकली; ही दोन त्यांनी ठेवली होती. मंदाने ती अजून सोडली नव्हती. कधी दुपारी सासू डोळा लागून पडली की ती गाठीशी नाक नेऊन बसायची. मशेरी, चुलीचा धूर, आणि आईच्या मानेपाशी यायचा तसा घामाचा, कोथिंबिरीसारखा वास. अजून होता. कमी होत चालला होता, पण होता.

धोंडूबाईला ती नजर कळली.

"न्हाय," ती म्हणाली. "ते न्हाय. गेलेल्या मानसाचं कापड पोरीच्या अंगाला न्हाय लावायचं."

"आई," यादव दारातून म्हणाला, "दीक्षा घेतली तवा हे सगळं सोडलं ना आपण?"

"देव सोडलं रं. भ्या न्हाय सुटलं." तिने पोरीला छातीशी घेतलं. "तुझ्या आदीचा एक पोरगा व्हता माझा. तुला ठाव न्हाय. माझी नणंद गेली, तिच्या पातळात गुंडाळला त्याला. थंडी व्हती, म्हणून. चार दिस न्हाय टिकला. आता तू सांग, मी काय करू?"

मंदाला खरं तर हायसं वाटलं होतं, आणि ते तिलाच कळलं तेव्हा ती मान खाली घालून मलम लावू लागली. गाठोडं शाबूत राहिलं, ही गोष्ट पोरीच्या कण्हण्याच्या आधी तिच्या मनात आली होती.

दुसऱ्या दिवशी पोरीला कसकस आली. मंदा तशीच उठून डॉक्टरीणबाईंकडे जाऊन औषध घेऊन आली. आणि दिघाशीहून पंढरीनाथ आले. पिशवीत रानातली भाजी, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. बायको गेल्यापासून हा माणूस कुठेही गेला तरी उंबऱ्याबाहेरच जरा वेळ उभा राहायचा, कोणी तरी आधी आत जाईल म्हणून वाट पाहत असल्यासारखा.

"या, व्याही, बसा," धोंडूबाईने पाट सरकवला.

त्यांनी नातीला पाहिलं. लंगोट सोडून दाखवल्यावर त्यांनी लगेच तोंड फिरवलं. मग हळूच विचारलं, "मंदा, ती लुगडी कुठं गेली?"

धोंडूबाईनेच सांगितलं. आडपडदा न ठेवता, नणंदेचं, पोराचं, सगळं. पंढरीनाथांनी ऐकून घेतलं. त्यांना घाई नव्हती.

"विहीणबाय," ते म्हणाले, "तुमचं खरं हाय. पर ती लुगडी तिची न्हाईत."

"म्हंजे?"

"नवी व्हती. ठेवणीतली. हिला दिवस गेल्याचं कळलं त्या दिसापासनं ती रोज नेसायला लागली. श्येतात नेसायची, सरपनाला जाताना नेसायची. मी बोललो, आगं येडे, ठेवणीचं फाडतेस कशाला? तर बोलली, मंदीच्या पोराला मऊ नको व्हय? रोज दगडावर आपटून धुवायची. हे तिचं न्हाय, विहीणबाय. हे नातीचंच हाय. ती नुसती नेसून मऊ करत व्हती."

लूमचा आवाज भिंतीतून येत राहिला. धोंडूबाईने पदराने नाक पुसलं. मग ती वाकली, स्वतःच खाटेखालून गाठोडं ओढलं आणि मंदाच्या पुढ्यात ठेवलं.

"फाड," ती म्हणाली.

मंदाने गाठ सोडली. वास एकदम वर आला, खोलीभर झाला, आणि लगेच पातळ होऊ लागला. हिरव्या काठाचं, चौकड्यांचं लुगडं. गुडघ्यापाशी विटलेलं, खांद्यापाशी उन्हाने फिकं झालेलं. पदराला हळदीची बोटं पुसलेली. मंदाने दोन्ही हातांत काठ धरला आणि तिचे हात पुढे होईनात.

"मंदा," यादव म्हणाला.

"हे एक राहू दे," ती म्हणाली. "एक फाडू. एक राहू दे."

"राहू दे की," पंढरीनाथ म्हणाले.

पण पोर कण्हली. बाहेर पाऊस होता, लंगोट वाळणार नव्हते, आणि एका लुगड्याचे किती होणार, हे मंदालाही कळत होतं. तिने दाताने काठ तोडला आणि फाडलं. मऊ कापड फाटताना आवाजही फार होत नाही. ती फाडत राहिली. चौकोन होत गेले. धोंडूबाई एकेक चौकोन घेऊन घडी घालत होती. पहिलं संपल्यावर मंदाने कोणाकडेही न बघता दुसरं ओढलं.

पोरीला धुतलं, टिपलं, मलम लावलं आणि सैलसा लंगोट बांधला. बांधून झाला न झाला तोच ती भिजली. मंदाने खाली हात घातला. कापडाने सगळं पिऊन घेतलं होतं. तिच्या तळव्याला नुसती ऊब लागली.

"भिजली?" पंढरीनाथांनी विचारलं.

"भिजली."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि ओल्या धोतरानिशी बराच वेळ बसून राहिले.

कसकस गेली. कडा सुकल्या, मग मधली लाली उतरली, मग नवी गुलाबी कातडी आली. यादव आता कोरं कापड घरात आणत नव्हता. कारखान्यातून आला की आधी मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचा, मगच पोरीला उचलायचा. धोंडूबाईने अकलोलीचं नाव पुन्हा काढलं नाही.

श्रावणात एक दिवस ऊन पडलं. मंदाने सगळे लंगोट दोन-तीन पाण्यांतून काढून चाळीच्या दोरीवर घातले. वाऱ्याने हिरवा काठ हलत होता. संध्याकाळी ती एकेक काढून घडी घालू लागली. पदराचा तुकडा हाती आला, हळदीचा डाग धुऊन नुसता पिवळट राहिलेला. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तिने तो नाकाशी धरला.

उन्हाचा वास होता. थोडा साबणाचा.

आतून पोर रडली. मंदाने तो तुकडा बाकीच्यांत ठेवला, मग पोरीला बांधायला तोच वर काढला आणि आत गेली.