पिवळी पडलेली बाटली

विषाणू थेट टी-पेशीसमोर, म्हणजे रक्तातल्या लढवय्या पेशीसमोर, नेऊन ठेवला तरी ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आधी दुसऱ्या एका पेशीने तो गिळायचा, त्याचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा अंगावर मिरवत तिला दाखवायचा. ओळख पटली की एका टी-पेशीच्या शंभर होतात. ही दाखवादाखवी बाटलीत घडवून आणायची, हे माझं काम. अमेरिकेतल्या टोलेडोच्या एका हॉस्पिटलच्या तळघरात मी एकवीस वर्षं तेच करते आहे. माझ्या हातून चूक होत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत असे.

जानेवारीत वेंडल आला. रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवणारा, दारात जेमतेम मावणारा माणूस. त्याच्या धाकट्या बहिणीला, जोलीनला, त्याचीच अस्थिमज्जा दिली होती. ती अंगात रुजायच्या आत सर्दीच्या एका साध्या विषाणूने जोलीनच्या यकृतात ठाण मांडलं. औषध लागू पडेना. वेंडलच्या रक्तातल्या टी-पेशी वाढवून तिला द्यायच्या, एवढंच हातात होतं.

"नॉरीन, माझ्या पेशींना हा विषाणू ठाऊक असणार," डोनटचा डबा पुढे करत तो म्हणाला. "लहानपणी पोहायच्या तलावावर आम्हा दोघांचे डोळे आले होते. तो हाच असतो म्हणे."

"तुझ्यासारख्या आळशी नसल्या म्हणजे मिळवली."

"मी आळशी? पहाटे चारला तुझा रस्ता कोण मोकळा करतं गं?"

पाचव्या दिवशी वेंडलच्या पेशींच्या बाटलीतलं लाल पोषक पाणी पिवळं आणि गढूळ झालं. पेशी वाढल्या तरी ते पिवळं पडतं, पण इतक्या लवकर त्या कधी वाढत नाहीत. असं दिसलं की जंतू शिरले समजायचं. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ठिपकेही दिसले. तपासणीला सात दिवस लागतात, आणि तोवर संशयाची बाटली इतर रुग्णांच्या बाटल्यांजवळ ठेवता येत नाही. नमुना पाठवून मी ती फेकून दिली. जंतू शिरल्याचं सांगून वेंडलचं पुन्हा रक्त घेतलं. त्याने बाही वर केली.

दुसरी बाटली तयार व्हायच्या आत, पहिली फेकल्याच्या सहाव्या दिवशी जोलीन गेली.

दुसऱ्या दिवशी तपासणीचा कागद आला. नमुन्यात काहीच उगवलं नव्हतं. ते ठिपके म्हणजे मेलेल्या पेशींचा चुरा होता. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले.

त्याच दुपारी वेंडल आला, नेहमीचा डबा घेऊन.

"नर्सेसना त्यांचे डोनट दिले, हा डबा तुझा," तो टेबलावर ठेवत वेंडल म्हणाला. "एकच विचारायचं होतं. माझ्या पेशींनी त्याला ओळखलं होतं का?"

कागद माझ्या खिशात होता. नाही म्हटलं असतं तर त्याला कधीच कळलं नसतं.

"ओळखलं होतं," मी म्हटलं. "पहिल्याच बाटलीत."

"त्यात तर जंतू होते ना?"

"नव्हते. तुझ्या पेशीच वाढल्या होत्या, वेंडल. मला ते ओळखता आलं नाही."

त्याने टेबलावरचा डबा उचलला आणि परत घेऊन गेला.