एक जॅकेट कमी

मी लाईफ जॅकेट बोलतोय. समुद्रावर गेलात की तुमच्या गळ्यात अडकवतात आणि फोटो काढून झाला की तुम्ही नाक मुरडून वाळूत फेकता, तोच मी. रंगाने नारिंगी, मिठाने जागोजागी पांढरा पडलेला. सध्या मी समुद्र सोडून बेंगळुरूत, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खुंटीला लटकलोय. इथे कसा आलो हे सांगताना अजून मान वर करवत नाही.

माझा जन्म शिलाईच्या कारखान्यातला. पोटात फोम भरला, कडेने पट्टे शिवले, छातीवर काळं बकल बसवलं आणि उडुपीकडच्या एका मासेमारी गावात पाठवून दिलं. तिथे मंजुनाथ नावाचा माणूस पाहुण्यांना लाटेवर फळी टाकून सर्फिंग शिकवायचा. सकाळी आम्हाला बांबूवर टांगायचा, संध्याकाळी मोजून आत घ्यायचा. मधल्या वेळात माणसं आम्हाला उशाला घ्यायची, आमच्यावर बसून भजी खायची. असेच एक वजनदार गृहस्थ बसले आणि माझं बकल मोडलं. मी तसाच ओळीत लटकत राहिलो. माझं कोण ऐकणार होतं?

मग या कारखान्याची सहल आली. तिच्यात महानंदा होती. मूळची निपाणीकडची, अंगाने भरलेली, बोलायला फटकळ. कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तपासायचं काम तिचं. तिने मापाचं गेज लावून नापास केलेला तुकडा लाल पेटीत गेला की तो बाहेर काढायची साहेबांचीही छाती नव्हती. जॅकेटं वाटायची आणि गोळा करायची जबाबदारी परसूवर होती. परसू स्टोअरची किल्ली सांभाळायचा. तोही तिच्याच भागातला, तिला अक्का म्हणणारा.

"बकल तुटलेलं असलं तर गाठ मारायची नाही, मला सांगायचं," असं मंजुनाथने सगळ्यांना बजावलं होतं. महानंदाने मला अंगात चढवलं. पट्टे कसेबसे एकमेकांना भेटले, पण मोडकं बकल काही लागेना. मागे दोघीजणी खुदकन हसल्या. आता मला परत करायचं म्हणजे सगळ्यांदेखत मोठं माप मागायचं. दिवसभर दुसऱ्यांचा माल नापास करणाऱ्या या बाईने मला मात्र डोळे मिटून पास केलं. लहानपणी निपाणीच्या वखारीत ती तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाले गठ्ठे, बांधायला शिकली होती. बोदाला मारतात तशीच करकचून गाठ तिने माझ्या पट्ट्यांना मारली. ती गाठ सोडवत नाहीत, कापतात.

समुद्रात मात्र तिने कमाल केली. फळीवर पालथी पडली, परसूने मागून फळी ढकलली आणि लाटेने तिला उचललं.

"अक्का, उठा! उठा की!" परसू ओरडत होता.

ती उभी राहिली नाही, पण गुडघ्यावर आली आणि किंचाळत, हसत थेट वाळूपर्यंत गेली. काठावरच्या बायका तोंडात बोट घालून बघत राहिल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा क्षण, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी गाठ सुटेना. पट्टा भिजून आवळला होता. तिने नखं लावली, दात लावले, केसातली पिन लावली. परसूकडे चाकू होता. पण गाठ नेमकी छातीवर, आणि चाकू मागायचा म्हणजे गाठ मारल्याचं कबूल करायचं. बसचा हॉर्न वाजला. तिने माझ्यावरून शाल गुंडाळली. तेवढ्यात परसू आलाच.

"अक्का, तुमचं जॅकेट?"

"दिलं की रे मगाशी."

"मग सरी, ठीक," म्हणून तो गेला. अक्का म्हणाल्या म्हणजे दिलंच असणार, त्याने पुन्हा विचारलं नाही.

बसमध्ये गाठ सोडवायची आणि मला हळूच खिडकीतून टाकायचं, असा तिचा बेत होता. पण मंजुनाथची मोजणी आधी झाली.

"ओंदु कम्मी," तो म्हणाला. एक कमी.

कारखान्याचे गुरुप्रसाद साहेब परसूवर उखडले. त्याची पिशवी सगळ्यांसमोर वाळूत उलटी केली. आतून ओली लुंगी, सुकटीची पुडी आणि मुलांसाठी वेचलेले शिंपले निघाले. परसू एकेक शिंपला उचलून पुन्हा पिशवीत टाकत होता आणि सगळी बस खिडक्यांतून बघत होती. महानंदाही बघत होती. शालीखाली तिचं काळीज माझ्यावर धडधड आपटत होतं. तिने शाल आणखी घट्ट ओढून घेतली. मला वाटलं, याच वाळूने मला पोटात घ्यावं.

घरी तिच्या लेकीने, भूमिकाने, कात्रीने गाठ कापली.

"आई, तिथंच सांगायचं हुतंस की!"

"जीभच वळंना गं," महानंदा म्हणाली.

मला कपाटामागे कोंबलं. तिथून मला मायलेकींचं सगळं बोलणं ऐकू यायचं. परसूकडून स्टोअरची किल्ली सगळ्यांदेखत काढून घेतली. तो आता माल चढवतो-उतरवतो. तोंडावर त्याला कुणी चोर म्हणत नाही, पण तो जवळून गेला की लोक आपापल्या पिशव्या ओढून घेतात. एका संध्याकाळी महानंदा घरी आली तेव्हा तिच्या हातात सुकटीची पुडी होती. परसूनेच दिली होती. "अक्का, तुम्हाला आवडते म्हणून राखून ठेवली होती," म्हणाला होता. ती पुडी मांडीवर घेऊन ती हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून नवं बकल आणलं, पट्टे वाढवून मला शिवलं आणि कारखान्यात नेलं. जेवणाच्या सुट्टीत कामाच्या निळ्या कोटावर मला घालून ती गुरुप्रसाद साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, जॅकेट परसूनं न्हाई नेलं. शालीखाली माझ्या अंगावर हुतं. मोडका माल मीच पास केला आन् त्याच्याशी खोटं बोलले."

कुणीतरी हसलं. या वेळी तिने मागे वळून पाहिलं नाही.

"परसू, काढ बाबा तूच."

परसू पुढे आला. बकल दाबलं, मला तिच्या अंगातून सोडवलं.

"पिशवी उलटी केली तेव्हा तुम्ही खिडकीत होता?" त्याने विचारलं.

"होते."

साहेबांनी खणातून किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. परसूने हात मागेच ठेवला.

"सगळ्यांसमोर घेतली होती साहेब. सगळी जेवून येऊ देत, मग द्या."

आणि सगळे येईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

किल्ली आता त्याच्या कमरेला आहे. पुढच्या सहलीला तो मला मंजुनाथकडे परत नेणार आहे. तिथे भेटलो, तर माझं बकल आधी बघून घ्या. आणि शेजारी कुणी मोठं माप मागितलं, तर कृपा करून हसू नका.

परसू रोज या खुंटीवरून जातो. महानंदा समोर आली तर नमस्कारही करतो. पण हल्ली तिला मॅडम म्हणतो. समुद्रावर परत जाण्याआधी त्याच्या तोंडून एकदा तरी 'अक्का' ऐकायला मिळावं, एवढंच माझं मागणं आहे.