अकरा खंडांत एक माणूस मावतो

मित्रांनो, टेबलाच्या कडेला जो करडा, गोलसर तुकडा दिसतो आहे, तो मी. मी एक जुना खोडरबर आहे. मागे एका पाहुण्याने मला कुणाचं तरी चघळलेलं च्युइंगगम समजून कागदात गुंडाळलं होतं. मी त्याला माफ केलं. वय झालं की एवढं करावं लागतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. शेजारच्या यंत्रावर गुलाबी, फुलांच्या वासाचे रबर जन्माला येत होते. ते शाळांमध्ये गेले आणि आठवड्याभरात हरवले. मला ना रंग ना वास, म्हणून मला एका आरेखन कार्यालयात पाठवलं. तिथे पुलांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे नकाशे पेन्सिलीने काढत. गावातल्या मोठ्या पुलाला पाच खांब आहेत. सहावा मी काढून टाकला. लोक पाच खांबांचं कौतुक करतात, सहाव्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. उत्तम काम ते हेच.

माझा आरेखक सावकाश आणि नीटनेटका माणूस होता. साहेब म्हणायचे, "याच्या कागदावर खोडल्याची खूण शोधून सापडत नाही." शाबासकी त्याच्या पाठीवर पडायची. मी खिशात बसून त्यातला माझा वाटा घ्यायचो.

पुढे कार्यालयात संगणक आले आणि नकाशे बटण दाबून पुसले जाऊ लागले. मी ड्रॉवरमध्ये गेलो, गंजलेल्या टाचण्या आणि वाळलेल्या गोंदाच्या बाटलीशेजारी. ही मंडळी वाईट नव्हती, पण त्यांच्याशी बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं. मग आरेखकच निवृत्त झाला. कार्यालयाने त्याला घड्याळ दिलं, कारण आता त्याला कुठेही वेळेवर जायचं नव्हतं. मला त्याने आपणहून खिशात टाकलं.

घरी आम्ही दोघे खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागलो. घरचे लोक प्रेमळ होते. दिवसातून दोनदा त्याच्याशी बोलायचे: "बाबा, जेवलात का?" आणि "बाबा, पाय वर घ्या, लादी पुसायचीय." कधी कधी तर पाय आधीच वर असायचे. सुनेच्या हे एकदा लक्षात आलं. ती पोछा हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, या रविवारी माझ्याबरोबर चला. आमच्या खेळाला."

मित्रांनो, हा खेळ जरा समजून घ्या. काही मोठी माणसं रविवारी दुपारी टेबलाभोवती बसतात आणि आपण दुसरेच कुणीतरी आहोत असं धरून बोलतात. आठवडाभर कचेरीत तेच करतात, पण तिथे पगार मिळतो. या गटाचा खेळ घडतो तो अकरा जाडजूड खंडांच्या एका विज्ञानकादंबरीच्या जगात. त्या जगातली अवकाशयानं वर्षानुवर्षं प्रवास करतात. प्रवासी काचेच्या पेट्यांत झोपतात आणि झोपेत त्यांचं वय वाढत नाही. गटाची रीत अशी की नव्या माणसाने आपल्या पात्राची पूर्वकथा पेन्सिलीने लिहायची. खंडांत जे बसत नाही, ते त्याने स्वतःच्या हाताने खोडायचं. शाईने लिहिलेलं पात्र इथे दारातूनच परत जातं.

हे सगळं तपासायचे दातांचे डॉक्टर. खेळ तेच चालवायचे आणि अकरा खंड त्यांना तोंडपाठ होते. रुग्ण आ करून बसला की त्याला सुटका नाही, निदान तिसरा खंड तरी ऐकूनच उठावं लागे, अशी त्यांची ख्याती होती.

आमच्या आरेखकाने पूर्वकथा लिहिली ती सगळे नवखे लिहितात तशीच. त्याचं पात्र सम्राटाचा हरवलेला मुलगा होतं. त्याला इतरांच्या मनातलं ऐकू यायचं. शिवाय तलवार.

"काका, सम्राटाला मूल नाही. खंड पाच," डॉक्टर म्हणाले.

मी सम्राटाचा मुलगा खोडला.

"मनातलं ऐकू येणारी जमात खंड सातमध्ये संपली."

तीही गेली.

"तलवार?"

"तलवार राहू दे की," टायरच्या दुकानाची मालकीण म्हणाली. तिला सगळे ताई म्हणत. खेळात ती यानाची कप्तान होती आणि दुकानातही फारसा फरक नव्हता.

"यानात धातूची धार चालत नाही, ताई. खंड एक, पहिलंच पान."

गेली तलवार. खरं सांगतो, इतक्या वर्षांनी अंग मोकळं झालं. खाली राख पडावी तसा माझा भुगा पडत होता आणि कागदावर खूण नव्हती. ताईंनी कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, खोडता मात्र झकास!" साहेबांनंतर ही माझी पहिली जाहीर स्तुती.

शेवटी कागदावर एकच ओळ उरली. वय: पासष्ट.

डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं. "हे पण खोडा, काका. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला यानात चढू देत नाहीत. ती झोप शरीराला सोसत नाही. पस्तीस करा."

"नाही."

"अहो, इथे माणूस काहीही होऊ शकतो."

"मग पासष्टचा का नाही होऊ शकत?"

"बाबा," सून हळूच म्हणाली, "नवा प्रवास आज सुरू होतोय. आज पूर्वकथा बसली नाही, तर पुढच्या वर्षीच जागा मिळेल."

"पुढच्या वर्षी मी नाही यायचा. त्या खुर्चीतून एकदा उठलोय, परत उठणं होणार नाही." मग तो डॉक्टरांकडे वळला. "पस्तीसचा मी होऊन बघितलाय. पासष्टचा आत्ता झालोय, अजून नीट जमत नाही. म्हणून तर खेळायचंय."

ताईंनी उगाच चहाचा रिकामा कप उचलून तोंडाला लावला. आरेखकाने मला उचललं. त्याचा हात मला त्या ओळीपर्यंत घेऊन गेला आणि तिथे थांबला. एक घासणं, आणि खेळात जागा मिळाली असती, पण पासष्टचा तो खिडकीजवळच्या खुर्चीतच राहिला असता. मी आयुष्यात कुठल्याही रेघेपुढे कचरलो नव्हतो. त्या दिवशी मात्र माझी एक कड मुडपली. झीज म्हणा हवं तर.

"मला एक सांगा," डॉक्टर नरमाईने म्हणाले, "तीस-पस्तीस वर्षांच्या प्रवासात सगळे झोपलेले. मग तुमचा माणूस म्हातारा झालाच कसा?"

"तुम्ही झोपला होतात. मी जागा होतो."

"प्रवासी झोपतात, काका. अकरा खंडांत झोपतात."

"आणि त्यांना उठवतं कोण?"

डॉक्टरांचं तोंड उघडलं. त्यांच्या रुग्णांना हे पाहायला आवडलं असतं.

"यंत्र उठवत असेल," ते म्हणाले.

"असेल, का आहे?" ताईंनी विचारलं.

डॉक्टर उठले. त्यांनी कपाटातून पहिला खंड काढून चाळला, मग दुसरा. दर खंडात यान पोचायचं, प्रवासी जागे व्हायचे आणि लगेच लढाईला लागायचे. कुणी उठवलं, हे कुठेच नव्हतं. अकरावा खंड मिटला तेव्हा डॉक्टरांचे डोळे नवी दाढ उगवलेली सापडावी तसे चमकत होते.

"नियम यानात चढण्याचा आहे," ते ओरडले. "हा तिशीत चढला! जागा राहिला आणि वाटेत पासष्टचा झाला! काका, बसतंय हो! या एवढ्या जगात नेमकी एका माणसापुरती जागा रिकामी होती, आणि मी इतकी वर्षं हे खंड वाचतोय!"

आरेखकाने मला खाली ठेवलं आणि पेन्सिल घेतली. भरात येऊन त्याने वाटेतल्या अवकाशचाच्यांशी एक लढाई लिहिली. डॉक्टर काही म्हणायच्या आतच त्याने मला उचलून ती स्वतः खोडली. त्या जागी लिहिलं: रोज सगळ्या पेट्यांजवळून एक फेरी मारायची. काचेवर धुकं धरलं असेल तर पुसायचं.

खेळ सुरू झाला. "यान थांबलं आहे," डॉक्टर म्हणाले. "बाहेर नवा ग्रह आहे."

"चला, दार उघडा—" ताईंनी हुकूम सोडला.

"कप्तान, तुम्ही झोपलाय."

ताई मुकाट डोळे मिटून बसल्या. सगळेच बसले. आरेखक उठला. त्याने शर्ट नीट केला, टेबलाभोवती सावकाश फेरी घातली आणि एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत गेला, "उठा. पोचलो आपण." सुनेने डोळे उघडायला जरा वेळ लावला. तेवढ्या वर्षांची झोप, चालायचंच.

आता मी याच टेबलावर राहतो. या जगातले कितीतरी राजपुत्र माझ्याच हातून गेले आहेत, आणि त्यांतला एकही मी मागे ठेवलेला नाही. तेव्हा मित्रांनो, खोडरबराला पेन्सिलीच्या टोकाने भोसकू नका, त्याला दाताने कुरतडू नका. आणि दुसऱ्याच्या कागदावरचं काही पुसायला निघालात, तर आधी त्या माणसाला विचारा, यातलं काय राहू द्यायचं. तो सांगेल तेवढं सोडा. बाकीचं मी बघतो.