कापसाच्या खोलीतलं ग्राफिक्स कार्ड

मित्रांनो, ओळखलंत का मला? नाही ना! ओळखणार तरी कसे, मी आपला सदा संगणकाच्या पोटात दडून बसलेला. मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर चित्रं पळतात ना, ती भराभर रंगवून पुढं देणं हे माझं काम. अंगावर दोन छोटे पंखे आहेत, त्यातला एक आता म्हातारपणानं कुरकुरतो. पण मी कोरा करकरीत होतो तेव्हाचीच गोष्ट सांगतो, कारण तेव्हाच माझ्यावर मोठा आळ आला होता.

यवतमाळच्या एका दुकानातून मला बोरी अरब गावच्या निशिगंधानं घरी नेलं. तिचा नवरा कपिल लग्नांचं शूटिंग करायचा आणि ती घरी बसून त्याची सुरेख फिल्म जोडायची. पहिलंच काम आलं ते शेजारच्या वैष्णवीच्या लग्नाचं. वैष्णवीची आजी तुळसाबाई अंथरुणाला खिळलेली. जिला अंगाखांद्यावर खेळवलं, त्या नातीच्या लग्नाला तिला मंडपापर्यंतही जाता आलं नव्हतं.

"माहे डोळे मिटाच्या आंधी दाखव वं बाई," ती म्हणाली. निशिगंधानं तिला शब्द दिला.

आणि मी काय केलं? काम सुरू झालं की माझं अंग तापायचं, पंखे जीव खाऊन फिरायचे आणि पडदा फटकन काळा! झालेलं काम पाण्यात. पुन्हा सुरू करावं तर पुन्हा तेच.

"नवं कोरं आहे, अन् काहून असं करून राह्यलं?" कपिल वैतागायचा.

निशिगंधानं माझं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, वायर बदलली. शेवटी संगणकाचा अख्खा डबा मांडीवर घेऊन ती एसटीनं यवतमाळला गेली. दुकानदार धम्मरत्ननं माझ्यावर हवेचा झोत मारला आणि दुपारभर मला राबवलं. मी एकदाही अडखळलो नाही!

"वहिनी, कार्ड तं एकदम मस्त आहे. तुमच्या गावची लाईनच बेकार असन," तो म्हणाला.

घरी आलो आणि पुन्हा पडदा काळा. लाज लाज वाटली हो मला!

आता त्या खोलीबद्दल सांगतो. त्या साली कापसाचा भाव पार पडला होता. निशिगंधाचे सासरे सदाशिवराव हट्टाला पेटले, "भाव आल्याबिगर बोंडभर कापूस घराबाहेर जाणार नाही." समोरची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली. तिच्याच कोपऱ्यात संगणक. वेचणीचा कापूस येत राहिला, गंजी वाढत गेली आणि घसरत घसरत डब्याच्या पाठीला भिडली. माझी गरम हवा बाहेर जायची तीच वाट बुजली. वर कापसाचे तंतू पंख्यांत शिरून बसले. जळून जाऊ नये म्हणून मी आपणहून बंद पडायचो. पण हे सांगू कसं? आणि ओरडलो असतो तरी घरच्यांना दिसलं नसतं. दिवाळीपासून ज्या कापसावर पोरं लोळतात, पाहुणे झोपतात, तो खोलीत आहे हेच त्यांच्या ध्यानात राहत नाही.

एक दिवस निरोप आला की तुळसाबाईनं अन्न सोडलं. निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दुकानात परत द्यायचं ठरवून तिनं वायर काढायला डब्यामागं हात घातला. हात कोपरापर्यंत कापसात गेला, आणि कापूस चांगलाच गरम लागला.

"अगं माय! मामाजी, इकडं या लवकर! हात लावून पाहा!"

सदाशिवरावांनी हात घातला आणि त्यांचं तोंडच उतरलं. कापूस पेटला असता तर घर राहिलं नसतं. मला वाटलं, झालं, आता आपण उकिरड्यावर. पण ते उठले, आपल्या खोलीत गेले आणि स्वतःची बाज उचलून त्यांनी ओसरीत आणून टाकली.

"तुहं यंत्र माह्या खोलीत ठेव," ते म्हणाले.

"बाहेर थंडी आहे, मामाजी."

"कापूसवाल्याच्या घरी थंडी कायची वं?"

निशिगंधानं ब्रशनं माझ्या पंख्यांतला कापूस काढला. समईची वात व्हावी एवढा निघाला! मग मी असा राबलो, असा राबलो, की फिल्म पुरी होईपर्यंत एकदाही दगा दिला नाही.

चौघांनी तुळसाबाईला खाटेसकट उचलून त्या खोलीत आणलं. पडद्यावर हळद झाली, अक्षता पडल्या. निघायच्या वेळी वैष्णवी गाडीशी थांबली आणि वळून आजीच्या घराकडं पाहू लागली.

"थांबव वं तिथं," तुळसाबाई म्हणाली. "पाह्य, माह्याकडंच पाहून राह्यली पोरगी."

चित्रं पळवण्याचं काम माझं, पण त्या दिवशी ते एक चित्र मी धरून ठेवलं. तिचं मन भरेपर्यंत धरून ठेवलं.

उन्हाळा लागायच्या आत तुळसाबाई गेली. मित्रांनो, मला परत देऊन दुसरं कार्ड आणलं असतं ना, तर तेही त्याच कोपऱ्यात, त्याच कापसात गुदमरलं असतं आणि म्हातारी वाट पाहतच गेली असती. म्हणून हात जोडून सांगतो, कुणी काम करता करता थांबलं, तर त्याला वाईट ठरवायच्या आधी जरा त्याच्या पाठीमागं हात घालून पाहा. त्याला श्वास घ्यायला जागा आहे का, तेवढं पाहा.