एकेचाळीस नंबर

"सही करू नका म्हणून राहिली ना मी!" तुळसाबाईने नवऱ्याच्या हातातला पेन ओढून घेतला. "माणसाच्या अंगाचा तुकडा कोणाले देते का कोणी?"

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात शालिकरामच्या पित्तनळीतली कॅन्सरची गाठ उद्या काढायची होती. तिचा तुकडा संशोधनाला द्याल का, हे विचारायला डॉक्टर करिष्मा आली होती. लेकीच्या वयाची पोर, पण स्टूल ओढून बसली ती अर्धा तास उठली नाही. इतके दवाखाने पालथे घातले, बसून बोलणारी ही पहिलीच.

"गाठ काही रस सोडते, काका. ते प्रथिनं तोडतात. भोवतालचं मांस सैल पडतं, गाठीला पसरायला वाट मिळते. शरीराच्या राखणदार पेशींना बोलावणारे निरोपही ते तोडत असावेत. तेच तपासायचंय."

शालिकराम हसला. महाल भागातल्या सावजी भोजनालयात तीस वर्षं मटणाची हंडी सांभाळलेला माणूस तो! "म्हणजे मटण नरम कराले कच्ची पपई लावल्यावानी. बरं, मले काई फायदा?"

"नाही, काका. पुढच्यांना, कदाचित."

"नाहीतरी फेकूनच देतीन थे," तो बायकोला म्हणाला. "जिंदगीभर लोकायच्या ताटात तुकडे वाढले. एक माझा वाढ वं."

हसावं की रडावं, तुळसाबाईला कळेना. तिने पेन परत दिला.

तुकडा ठेवायच्या बरणीवर नाव नसतं, नंबर असतो. शालिकरामने तो हट्टाने विचारून घेतला आणि बायकोकडूनही घोकून घेतला. एकेचाळीस.

त्याला पुढे आठ महिने मिळाले. तो गेल्यावर महिन्याभराने तुळसाबाई मटणाचा डबा घेऊन करिष्माच्या प्रयोगशाळेत आली. "बाई, एकेचाळीस नंबर पाहता येईन का?"

करिष्माने तिला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. जांभळट गाठ, आणि तिच्या कडेला बारीक ठिपक्यांची गर्दी.

"त्या राखणदार पेशी, काकू."

"मंग आत काहून नाही जाऊन राहिल्या?"

"तेच शोधतोय. अजून नाही सापडलं."

"शोधा बाई. आमाले आता घाई नाही." तिने डबा उचलला. "तुमी बसून बोलल्या, त्यायले लई बरं वाटलं होतं. थे मी नाही विसरत."

आत खायला मनाई, म्हणून दोघी बाहेर जिन्यावर बसल्या. पहिल्याच घासाला तिखटाने करिष्माच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने हात थांबवला नाही.

"पपई नाही लावली," तुळसाबाई म्हणाली. "चार घंटे लागले. लागू दे."

आणि तिने आणखी एक तुकडा वाढला.