चाक बसलं

लाईट गेली होती. पंखा थांबला, पाठोपाठ ओसरीतल्या बापूजींचं घोरणंही थांबलं, आणि यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातलं ते छोटंसं घर भर दुपारी एकदम गप्प झालं. त्या गप्पपणात स्वयंपाकघरातून आवाज आला. टुक्. स्टीलच्या डब्याचं झाकण निघाल्याचा.

“खुशे, काय करून राह्यली वं?”

“काई नाई, आई.”

पाच वर्षांच्या लेकीचं ‘काई नाई’ म्हणजे काहीतरी नक्की असतं, हे उर्वशीला चांगलं ठाऊक होतं. एरवी ती उठून गेली असती. पण आज तिच्या डोक्यात चार चाकं फिरत होती आणि त्यातलं एकही सरळ चालत नव्हतं.

गोष्ट एवढीशीच. मुकुटबनला तिची आई मथुराबाई एकटी राहते. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. दोनदा तारीख हुकली, आता यवतमाळच्या डॉक्टरांनी गुरुवार दिलाय. आज मंगळवार. म्हणजे उद्या सकाळी निघायचं, आईला घ्यायचं आणि दिवे लागायच्या आत परत यायचं. जायला तीन तास, यायला तीन. मधे झरीकडचा जंगलाचा रस्ता, जिथं मोबाइलला रेंज नाही. आईला बस लागते, पांढरकवडा येईस्तोवर ती अर्धी होते. म्हणून गाडी. आणि इंद्रजित, म्हणजे नवरा, कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्यात अडकलेला, म्हणून गाडी चालवणार उर्वशी. खुशी मागच्या सीटवर, कारण तिला ठेवणार कुणापाशी? सासऱ्यांना, म्हणजे बापूजींना, स्वतःचा चष्मा सापडत नाही, तिथं ते पोर काय सांभाळतील.

एवढं सगळं ठरलं, आणि गाडीच्या चाकांतली हवा उतरायला लागली.

तीही धड एका चाकाची नाही. दसऱ्यानंतर आठवडाभरात पुढचं डावं बसलं. पायपंपानं हवा भरली. दोन दिवसांनी मागचं उजवं. मग पुढचं उजवं. मग पुन्हा डावं. रात्री टणक असलेलं चाक सकाळी मऊ. फुस्स होऊन जमिनीला टेकलं असतं तरी बरं, निदान पंक्चर म्हणता आलं असतं. हे नुसतं हळूहळू खाली यायचं, रुसलेल्या माणसासारखं.

आजच सकाळी ती गाडी घेऊन गोविंदाकडे गेली होती. गोविंदाचं पंक्चरचं दुकान एमआयडीसीच्या वळणावर. त्यानं चारही चाकं खोलली, एकेक पाण्याच्या टाकीत बुडवलं, गोलगोल फिरवलं. एक बुडबुडा नाही. मग हवा भरायच्या तोंडावर, ज्याला तो वॉल म्हणतो, त्यावर थुंकी लावून पाहिली. थुंकी जशीच्या तशी.

“वहिनी, याच्यात काईच नाई जी.”

“काहीच नाही तर हवा जाते कुठं?”

“तेच त मले समजून नाई राह्यलं. चार चाकं, चार दिवस, पाळीपाळीनं! तुमची गाडी हाये का कोणाची सासू?” तो हसला, मग डोकं खाजवत म्हणाला, “रिमच्या कडेतून जात असन. घासून, लेप लावून देतो. बिनधास्त जा.”

“आणि या भेगा?” तिनं टायरच्या बाजूला बोट लावलं. उन्हानं तडकलेल्या मातीसारख्या बारीक रेषा होत्या तिथं.

“वरवरच्या हायेत. माणसाच्या टाचाले नसतात का?”

तिथून ती शहरातल्या टायरच्या मोठ्या दुकानात गेली. तिथल्या माणसानं चाक खोललंसुद्धा नाही. नुसतं वाकून पाहिलं आणि मान हलवली. “ताई, रबर मेलं हे. लेकराले घेऊन जंगलातून जाणार यावर? चारही बदला.” पण तिच्या गाडीचा साइज दुकानात नव्हता. शुक्रवारी येणार होता. ऑपरेशन गुरुवारी, टायर शुक्रवारी!

दुपारी इंद्रजितचा फोन आला. तो म्हणाला, बदल. तिनं शुक्रवारचं सांगितलं. तो म्हणाला, मग लेप ठीक आहे. तिनं भेगांचं सांगितलं. तो म्हणाला, मग जाऊच नको. तिनं आईच्या डोळ्याचं सांगितलं. तो म्हणाला, “तू पाह्य न, तुले जे बरं वाटते ते.”

तेच तर वाटत नव्हतं. एक मन म्हणे, गोविंदानं चार चाकं पाण्यात बुडवून पाहिलीत, दुकानदारानं हातही लावला नाही. दुसरं म्हणे, जंगलात चाक बसलं तर? खुशी मागे, आई बाजूला, एका डोळ्यानं धड न दिसणारी. जायचं म्हटलं की त्या भेगा दिसायच्या, नाही म्हटलं की आईचा तो पांढुरका डोळा दिसायचा.

लाईट आली. पंखा गरगरला. आणि अंगणातून बापूजींची हाक आली.

“सूनबाई! ओ सूनबाई! चाक बसलं वं!”

ती धावत बाहेर गेली. मागचं डावं. आज सकाळीच गोविंदानं लेप लावलेलं चाक. बापूजी काठीच्या टोकानं त्याला ढोसत उभे होते. उर्वशीच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती चाकापाशी मटकन बसली आणि उगीचच त्यावर हात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

तेव्हा तिला ऐकू आलं. सूंऽऽ. अगदी बारीक. आवाज वॉलच्या टोपणातून येत होता.

तिनं टोपण फिरवायला घेतलं.

“आई, नको न!” खुशी दारातून ओरडली. “त्याचं जेवण नाई झालं आजून!”

टोपण निघालं. त्यातून मुगाचा एक हिरवा दाणा उर्वशीच्या तळहातावर पडला. आवाज थांबला.

उर्वशीनं हळूच लेकीला जवळ ओढलं. तिच्या बोटांची टोकं काळी होती. आठवडाभर आंघोळीच्या वेळी घासूनही निघत नव्हती ती.

“हे तू ठेवलं, बाळा?”

खुशीनं मान डोलावली. टोपण कसं फिरवायचं ते आईला हवा भरताना पाहून ती शिकली होती. तिनं बापूजींकडे बोट केलं. “आबांनी सांगितलं होतं न, गाडी आता आपला बैल हाये. दसऱ्याले टिळा लावला होता तिले. आन आमच्या पोरायच्या तान्ह्या पोळ्याले आबा म्हणत होते, बैल बसला का समजाचं, भुकेला हाये. आन मंग आबा रोज म्हणत, चाक बसलं, चाक बसलं.”

“म्हून तू त्याले चारलं?” बापूजींनी विचारलं.

“जे बसलं त्याले. आन बाकीच्याले पण, पाळीपाळीनं. नाई त ते रुसले असते.”

टोपण घट्ट झालं की दाणा वॉलच्या आतल्या पिनेला दाबत होता, आणि हवा केसाएवढी वाट काढत होती. टोपण काढलं की दाणा नकळत मातीत पडे, म्हणून ना तिला, ना गोविंदाला काही सापडलं.

बापूजींनी काठी टेकली आणि असे हसले की खोकला आला. “अवं माय! म्याच बसवली न गाडी, या तोंडानं!” मग हसू ओसरल्यावर नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

उर्वशीनं खुशीला रागावलं नाही. भुकेल्याला घास दिला, त्यावर काय रागवायचं? तिनं पायपंप आणला. टणक झालेल्या चाकावर थाप मारली. टोपणं चारही तपासली, आणखी एकात दाणा निघाला. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास आला. तिनं तिथंच बसून मुकुटबनला फोन लावला. “आई, उद्या येतो आम्ही. हो, गाडीनंच. पिशवी भरून ठेव.”

फोन ठेवला. खुशी पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवी बसली होती. भेगांवरून बोट फिरवत होती.

“आई, चारलं म्हून ते बसत होते न?”

“हो, बाळा. आता नाही बसणार.”

खुशीनं एका भेगेत नख घातलं.

“पण हे पहिल्यांदा बसलं, तवा त म्या चारलंच नव्हतं. तवा काहून बसलं?”