सोमवारची सवत

मी पितळी डोक्याची काठी बोलतेय. गोल्फच्या खेळात अगदी शेवटी, हिरवळीवरून चेंडू हळूच घरंगळवत भोकात सोडायचा असतो ना, ते काम माझं. खेळणारे मला पटर म्हणतात. शब्द पुल्लिंगी आहे. पण ज्या घरात मी राहते तिथल्या वहिनींनी मला पहिल्याच दिवशी सवत म्हटलं, आणि सवत काही पुरुष नसते. तेव्हापासून मी बाईच.

माझा जन्म कुठल्या नावाजलेल्या कारखान्यातला नाही. गोल्फच्या मैदानामागे एक पत्र्याची शेड होती. गवत कापायची यंत्रं तिथे दुरुस्तीला यायची. ती दुरुस्त करणारे एकच होते, त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांनी एका निकामी पंपातून पितळेचा ठोकळा काढला, जेवणाच्या सुट्टीत रोज थोडा थोडा कानसला, आणि कुणीतरी फेकलेल्या काठीच्या दांड्यावर मला बसवलं. बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी त्यांनी मला डोळ्यांसमोर आडवं धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "जमलीस." एवढ्या एका शब्दावर मी कित्येक वर्षं काढली.

सोमवारी मैदान सभासदांना बंद असायचं. त्या दिवशी कामगारांना खेळायला मुभा होती. मिस्त्री आणि त्यांचा दोस्त फवारा, दोघं सकाळीच निघायचे. फवारा म्हणजे मैदानाला पाणी घालणारा. पाइपांच्या तोट्या सोडता सोडता त्याचं खरं नाव सगळे विसरले होते, तोही विसरला असावा. नऊ होलांचं, म्हणजे नऊ भोकांचं, ते मैदान दोघं दोनदा फिरायचे आणि दुपार कलल्यावर घरी परतायचे.

अडचण एवढीच होती, की मिस्त्रींच्या बायकोला, म्हणजे वहिनींनाही, सुट्टी सोमवारचीच.

वहिनी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायच्या. सहा दिवस लोकांच्या खिडक्या झाकायच्या आणि सातव्या दिवशी स्वतःच्या खिडकीत बसून रस्ता बघायचा. पहिली काही वर्षं त्या विचारत, "आज लवकर याल ना?" मिस्त्री म्हणत, "हा गेलो आणि हा आलो." एकदा वहिनींनी तलावावर जायचा बेत केला. डबा भरला, नवी चप्पल घातली. तेवढ्यात फवारा दारात. "दोन तासांत येतो," म्हणून मिस्त्री मला खांद्यावर टाकून निघाले. तो डबा दोघांनी संध्याकाळी घरातच खाल्ला. मी दाराच्या कोपऱ्यात उभी होते. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या होत होत्या. जिंकले होते ना मी.

अशी एकोणीस वर्षं गेली.

मग मिस्त्रींच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. आधी नजरेच्या कडा गेल्या. समोरचा चेंडू दिसायचा, होल दिसायचं नाही. मग नळीतून पाहिल्यासारखं तेवढं मधलं उरलं. मग तेही गेलं. शेड सुटली, सोमवारही सुटला. मी कोपऱ्यात आणि ते खिडकीतल्या खुर्चीत, वहिनींच्या जागी.

पण फवारा इमानी माणूस. मैदानावरचं पाणी उरकून तो दर सोमवारी दुपारी येऊ लागला. खुर्चीशेजारी स्टुलावर बसायचा, आणि दोघं मनातल्या मनात खेळायचे.

"चल, पहिलं होल," मिस्त्री म्हणायचे. "ऊन कोवळं आहे. दव नुकतंच सुकलंय. सगळी यंत्रं चालू आहेत, कुणीही 'मिस्त्री, बंद पडलं' म्हणून ओरडत येत नाही. गवत किती ठेवलंय?"

"चार मिलिमीटर, मिस्त्री."

"वा! मग चेंडू लोण्यावरून जाईल."

असा तो त्यांचा उत्तमातला उत्तम दिवस. त्यात वारा पाठीवरून यायचा, चेंडू कधी झुडपात जायचा नाही, गुडघा दुखायचा नाही. मी कान देऊन ऐकायची. आता हिरवळ येईल, आता ते मला हातात घेतील! पहिल्याच सोमवारी ते म्हणाले, "फवाऱ्या, ती दे रे. ती परदेशी."

ती परदेशी! एका सभासदाची काठी ती; डोकं हललं होतं, ते बसवायला तीन दिवस शेडमध्ये होती, एवढीच त्यांची ओळख. चांदीसारखी चकचकीत, मानेला बाक. फवाऱ्यानेही विचारलं, "आपली पितळी का नाही?" तर मिस्त्री हसून म्हणाले, "अरे, मनातच खेळायचं तर भारीतली घ्यावी की!"

त्या दिवशी मला कळलं, जळणं म्हणजे काय असतं ते. पितळ काळं पडतं, लोक हवेला दोष देतात.

आतल्या खोलीत शिवणयंत्र चालायचं. वहिनी सोमवारी शेजाऱ्यांचं किरकोळ काम घ्यायच्या. माझ्या लक्षात आलं, की पहिल्या होलला यंत्र जोरात धावायचं, चौथ्या-पाचव्याला अडखळायचं आणि नवव्याला बंद असायचं. त्याही ऐकत होत्या.

असे चार-पाच महिने गेले असतील. एका सोमवारी नववं होल संपलं, मिस्त्रींनी परदेशीने चेंडू भोकात घातला, फवाऱ्याने टाळी वाजवली आणि चहा पिऊन तो गेला. वहिनी बाहेर आल्या. हातात टाचण्या तशाच होत्या.

"अहो, एक विचारू? या तुमच्या दिवसात मी कुठं असते?"

मिस्त्री गोंधळले. "तू? तू... घरी. सोमवार ना. तुझी सुट्टी. आराम करतेस."

"म्हणजे तुमच्या उत्तमातल्या उत्तम दिवशीसुद्धा मी घरीच?"

मिस्त्रींनी तोंड खिडकीकडे वळवलं. ज्याला दिसत नाही त्यालाही नजर चुकवावी लागते, हे मी तेव्हा पाहिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वहिनींचा राग आला नाही. त्या दिवसात त्या नव्हत्या, तशी मीही नव्हते.

पुढच्या सोमवारी सकाळी त्यांनी मला कोपऱ्यातून उचललं, अस्तराच्या कापडात गुंडाळलं आणि मिस्त्रींना "जरा बाहेर जाऊन येते" एवढंच सांगितलं. वाटलं, संपलं, आता भंगारात. बसमध्ये त्यांनी मला गुडघ्यांत घट्ट धरलं होतं. पण बस थांबली ती मैदानाच्या फाटकाशी.

फवारा पंपाजवळ होता. त्यांना पाहून त्याच्या हातातला पाना पडला. "वहिनी? मिस्त्री बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय! मला दाखवा."

"काय दाखवू?"

"एकोणीस वर्षं माझे सोमवार कुठे जात होते ते."

फवाऱ्याने पाना उचलून बाजूला ठेवला आणि तो पुढे चालू लागला. वहिनी मागून. नऊ होल पायी फिरल्या. ओलं गवत चपलेत चिकटत होतं म्हणून चपला हातात घेतल्या. यंत्राने एकदा इकडून, एकदा तिकडून कापलेल्या गवताचे फिके-गडद पट्टे पाहून त्या थांबल्या. तळ्याजवळ पुन्हा थांबल्या. मला वाटलं, आता यांचा राग निवळेल. झालं उलटंच. नवव्या होलच्या हिरवळीवर येईपर्यंत त्यांचे डोळे भरले होते.

"इतकं छान आहे हे," त्या म्हणाल्या, "आणि या माणसानं मला एकदा म्हणून चल म्हटलं नाही!"

फवाऱ्याने खिशातून चेंडू काढून ठेवला. होलपासून दहा पावलांवर. "मिस्त्री इथून नेहमी सरळ मारायचे. कधी गेला, कधी नाही."

वहिनी खाली वाकल्या. आयुष्यभर कापडाचा झोळ ओळखलेले डोळे ते. "सरळ कसा जाईल? डावीकडे ओढ आहे की इथे. कडेची शिवण ओढल्यावर पडदा जातो तशी."

पहिला फटका भलताच जोरात गेला. दुसरा अर्ध्यावर मेला. त्यांनी मला धरलं होतं तेही लाटण्यासारखं. पण आठव्या वेळी त्यांनी एक वीत उजवीकडे नेम धरला, चेंडू निघाला, डावीकडे वळला आणि भोकात पडला. तो आवाज मी दीड वर्षांनी ऐकला. वहिनी हसल्या नाहीत, नाचल्या नाहीत. म्हणाल्या, "परत ठेवा."

त्या दुपारी मिस्त्री वाट बघत बसले होते. "फवारा आला नाही आज."

"हो का?" वहिनी म्हणाल्या, आणि मला कोपऱ्यात ठेवलं.

त्यानंतरच्या सोमवारी दोघे दोस्त खेळता खेळता नवव्या हिरवळीवर आले. मिस्त्री म्हणाले, "दहा पावलं. सरळ मारतो."

आतून आवाज आला, "सरळ नाही जायचा तो. एक वीत उजवीकडे घ्या."

फवारा कपात बघू लागला. मिस्त्रींनी मान वळवली. "तुला गं काय माहीत?"

"मी घातलाय."

"तू? कशानं?"

"तुमच्या पितळी काठीनं."

"माझी काठी!" मिस्त्री ओरडले. "माझी काठी मला न विचारता घेऊन गेलीस?"

भांडण बरंच रंगलं. मला त्यातला एकच शब्द आठवतो. माझी.

वहिनींनी ऐकलं नाही. त्या दर सोमवारी सकाळी जाऊ लागल्या. पकड निसटते म्हणून मुठीवर पडद्याची जाड पट्टी शिवून घेतली. घरी आल्या की मिस्त्री सहज विचारल्यासारखं विचारायचे, "आज गवत किती होतं?" वहिनी म्हणायच्या, "होतं आपलं." "गर्दी होती?" "होती थोडी." "किती घातलेस?" "मोजले नाहीत." मोजलेले असायचे. फवाऱ्याला बसपर्यंत तेच सांगत यायच्या. मिस्त्री मग कोपऱ्याशी येऊन माझं डोकं चाचपायचे, गवताचा ओलावा बोटाला लागला की हात झटकन मागे घ्यायचे. मत्सर मी ओळखते. माझा जुना सोबती आहे तो.

एका सोमवारी पहाटे त्यांनी मला उचललं आणि स्वतःच्या गादीखाली सरकवलं. वर बसले. वहिनी आवरून आल्या, कोपरा रिकामा पाहिला, गादीचा उंचवटा पाहिला. पिशवी ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

"आज जायचं नाही?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही. आज घरीच. सोमवार ना. आराम करते."

एक तास झाला. मिस्त्रींनी दोनदा बैठक बदलली. माझं पितळ त्यांना टोचत असणार. शेवटी ते उठले, मला ओढून काढलं आणि वहिनींच्या दिशेने धरलं. दिशा थोडी चुकली, पण धरलं.

"घे. पण मला घेऊन चल."

"एवढं म्हणायला इतके दिवस?"

"लाज वाटत होती. मी तुला कधी नेलं नाही, आणि आता मला ने म्हणू?"

वहिनींनी त्यांच्या चपला पायांपुढे सरळ करून ठेवल्या. "पाय घाला. बस जाईल."

मिस्त्रींचा हात धरावा लागला तो मैदानाच्या फाटकापर्यंतच. पुढे त्यांच्या पायांना सगळं पाठ होतं. नवव्या हिरवळीवर ते गुडघ्यांवर बसले, गवतावर तळवा फिरवला. "साडेचार आहे. पातं बोथट झालंय, फवाऱ्या. नव्या मिस्त्रीला सांग." मग वहिनींनी त्यांना खांद्यांना धरून होलकडे वळवून उभं केलं, मला त्यांच्या हातात दिलं. ते हात! पट्टीवर चाचपडले, मग स्थिरावले. त्यांनी फटका मारला. चेंडू होलच्या डावीकडून पुढे गेला.

"चुकला," वहिनी म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत.

मग वहिनींनी मारला. चेंडू आत पडल्याचा आवाज स्वच्छ आला. मिस्त्रींचा चेहरा पडला. "वाऱ्यानं ढकलला असेल," ते म्हणाले. वाऱ्याचा मागमूस नव्हता. फवारा खो खो हसला आणि वहिनी तर गवतावर बसूनच हसल्या.

आता आमचं असं चालतं. सोमवारी तिघंही खरंच जातात. एरवी संध्याकाळी मिस्त्री खिडकीत आपला दिवस रचतात. त्यात वहिनी पुढे चालतात, मिस्त्री मागून बॅग उचलून येतात आणि बॅगेत मी असते. पण नवव्या हिरवळीवर वहिनींचा चेंडू दर वेळी केसभर चुकतो आणि मिस्त्रींचा पडतो.

"अहो, मनातसुद्धा मला जिंकू देत नाही तुम्ही!"

"मनातच तर जिंकता येतं गं मला आता."

वहिनी म्हणतात, "बरं. पण तुमचा पडला तोही वाऱ्यानंच हां."

माझ्या डोक्याला एक पोचा आलाय, दांडा किंचित वाकलाय, मुठीवरची पट्टी विरत चाललीय. परवा फवारा म्हणत होता, दोघांच्या दोन काठ्या असाव्यात, मी एक बघून आणतो. तो तुम्हाला भेटला तर माझ्या वतीने त्याला आवरा. मिस्त्रींचा फटका झाला की त्यांना मला वहिनींच्या हातात द्यावं लागतं, आणि वहिनींचा झाला की त्यांना मिस्त्रींच्या हातात परत. देताना दोघंही मला जरा जास्तच वेळ धरून ठेवतात. दुसरी काठी या घरात नको.